एका रोलात आठच फोटो: पुण्यात बॉक्स कॅमेरा हाताळताना

माझा पहिला बॉक्स कॅमेरा मी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात घेतला. रविवारची सकाळ होती. पितळी समया आणि गंजलेले पान्हे यांच्या मध्ये काळ्या रेक्झिनचा तो चौकोनी डबा पडला होता. उत्साहाच्या भरात मी तिथेच, भर उन्हात, त्याचं मागचं झाकण उघडलं. आत रोल होता. मागच्या लाल काचेतून ७ हा आकडा दिसत होता, पण मी तिकडे पाहिलंच नव्हतं. गडबडून रोल पूर्ण बाहेर ओढला आणि कुणाचे तरी सात फोटो माझ्या हातात जळून गेले. त्यात कोण होतं, कुठलं अंगण होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. जुना कॅमेरा हातात आला की झाकण उघडण्याआधी लाल काचेत डोकावून पाहा. फिल्मच्या पाठीला छापील कागद असतो. त्यावरचा आकडा, बाण किंवा कसलीही छपाई दिसली तर आत रोल आहे. काही दिसलं नाही तरी रोल गुंडाळायची चावी हलक्या हाताने अर्धा फेरा फिरवा. ताण जाणवला तर पुढचं सगळं काळोखात करायचं. आणि चुकून उघडलंच तर रोल बाहेर ओढू नका, झाकण लगेच बंद करा. रिळाच्या आतल्या वेढ्यांवरचे फोटो कधीकधी वाचतात.

कोणता कॅमेरा, कोणता रोल

बॉक्स कॅमेरा म्हणजे एका टोकाला साधं भिंग, दुसऱ्या टोकाला फिल्म आणि मध्ये अंधार. फोकस करायची सोय नसते. शटरचा वेग बहुधा एकच असतो. कोडॅकने १९०० साली ‘ब्राउनी’ बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत एक डॉलर होती. पुढच्याच वर्षी ‘नंबर २ ब्राउनी’ आला आणि त्याच्यासोबत १२० नंबरचा रोल. तो रोल आजही नवा मिळतो, आणि कॅमेरा घेताना हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरते.

आपल्याकडच्या कपाटांत बहुतेक वेळा सापडतो तो बडोद्यात बनलेला आगफा क्लिक-३. आकाराने तो खोक्यासारखा नाही, पण भिंग आणि शटर त्याच साध्या जातीचे आहेत, आणि त्यालाही १२०च लागतो. त्यात ६ बाय ६ सेंटीमीटरचे बारा फोटो निघतात. जुन्या ब्राउनीत किंवा आगफाच्या चौकोनी डब्यात ६ बाय ९चे आठ निघतात.

६२० लिहिलेला कॅमेरा समोर आला तर घ्यावा की नाही? मी म्हणेन, पहिला कॅमेरा म्हणून नको. ६२०ची फिल्म १२०इतकीच रुंद असते, फक्त रीळ बारीक असतं. कोडॅकने हा रोल १९९५मध्ये बंद केला. तो कॅमेरा वापरायचा तर १२०ची फिल्म उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून ६२०च्या रिळावर गुंडाळावी लागते. ती आधी दुसऱ्या रिकाम्या रिळावर उलगडून घ्यायची आणि तिथून ६२०च्या रिळावर परत गुंडाळायची. फिल्मचं एकच टोक कागदाला चिकटवलेलं असतं. ते शेवटी हाताशी येतं आणि तिथे फुगवटा धरतो. चिकटपट्टी अलगद सोडवून, फिल्म सपाट करून ती पुन्हा दाबायची. एक खराब रोल उजेडात घेऊन चार वेळा सराव केलात तर बोटांना हे समजतं. असा कॅमेरा असेल तर रोल धुवायला देताना ‘रिकामं रीळ परत हवं’ असं पाकिटावर ठळक लिहा. माझं एक रीळ एका लॅबने टाकून दिलं, आणि दुसरं मिळेपर्यंत तो कॅमेरा चार महिने फळीवर पडून होता.

१२७चा कॅमेरा शोभेला छान असतो, पण त्याचा रोल मिळवण्यातच उत्साह संपतो.

घरी आणल्यावर

आधी भिंग. फुंकर मारायच्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मऊ सुती कापड जरासं ओलसर करून मधून बाहेर अशा फेऱ्यांनी पुसा. व्ह्यूफाइंडरमधला आरसा मात्र घासू नका. त्याची चांदी बऱ्याचदा वरच्या बाजूला असते आणि एका घासण्यात निघून येते. शटरला तेल देऊ नका. तेल पात्यावर पसरलं की आधी शटर मंदावतं आणि नंतर चिकटतं. अडकत असेल तर पन्नास-साठ वेळा नुसतं चालवून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्याने मोकळं होतं.

मग उजेड कुठून झिरपतो ते पाहायचं. रात्री खोलीत पूर्ण अंधार करून लहानशी टॉर्च सुरू करा, कॅमेऱ्यात ठेवून झाकण लावा आणि सगळ्या बाजूंनी निरखा. कडेतून रेघ चमकली तर तिथे काळी लोकर किंवा काळी चिकटपट्टी लावा. लाल काच आतून उजळलेली दिसणारच, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आता शटरचा वेग. तो ‘साधारण १/३० ते १/५०’ असतो असं सगळे म्हणतात, पण सत्तर वर्षांच्या स्प्रिंगचं वागणं प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळं असतं. मोबाइलवर स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा. कॅमेऱ्याचं झाकण उघडून मागे दिवा धरा, पुढून शटर दाबा आणि चित्रण करा. नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत भोक किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजा. सहा फ्रेम आल्या तर २४० भागिले ६, म्हणजे १/४० सेकंद. माझ्या डब्याचा आकडा नेमका हाच आला आणि मी तो झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवला.

भोकाचा आकारही पट्टीने मोजता येतो. ६ बाय ९च्या बॉक्समध्ये भिंगापासून फिल्मपर्यंत साधारण १०० मिलिमीटर असतात. त्या अंतराला भोकाच्या रुंदीने भागलं की भोकाचा ‘एफ’ आकडा मिळतो, आणि तो जितका मोठा तितकं भोक लहान. भोक ९ मिलिमीटरचं असेल तर १०० भागिले ९, म्हणजे एफ ११. सात मिलिमीटरचं असेल तर एफ १४. वर ओढायची पत्र्याची पट्टी असेल तर ती याहून लहान भोकं भिंगापुढे आणते.

पुण्याचं ऊन आणि रोलचा वेग

जुना नियम असा: लख्ख ऊन असेल आणि भोक एफ १६ असेल, तर १०० आयएसओच्या रोलला साधारण १/१०० सेकंद पुरतो. आयएसओ म्हणजे रोलचा वेग, आकडा जितका मोठा तितका कमी उजेड त्याला लागतो. आपल्या डब्यात एफ ११ आणि १/४० आहे. म्हणजे फिल्मवर गरजेच्या पाचपट उजेड पडतो. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हला एवढा उजेड पचतो. तिला पचत नाही तो कमी उजेड. सावलीत तपशील उमटलाच नाही, तर तो नंतर कशानेही परत येत नाही.

मार्च-एप्रिलच्या उन्हात म्हणून १०० किंवा १२५चा रोल घ्या आणि भोक बारीक करायची सोय असेल तर करा. तेव्हा ४०० भरू नका, निगेटिव्ह इतकी काळी येईल की प्रिंट काढताना घाम फुटेल. जुलैची झाकोळलेली दुपार, वाड्याच्या चौकातली सावली, पेठेतली अरुंद बोळ, इथे ४००च हवा. श्रावणातल्या ऊनपावसात रोल अर्ध्यात बदलता येत नाही, तेव्हा मी ४००च भरतो आणि ऊन आलं की बारीक भोक ओढतो. आगफाच्या काही मॉडेलांत पिवळी काच असते. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर निळ्या आभाळात पांढरे ढग उतरतात, तेव्हा ती जरूर वापरा. आभाळ गडद होऊन ढग सुटे दिसतात. पिवळी काच थोडा उजेड खाते, म्हणून ती भर उन्हातच.

उन्हाची दिशा हा तर खरा विषय. या कॅमेऱ्यात फिरवायला काहीच नसतं, म्हणून आपण स्वतः फिरायचं आणि थांबायचं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या दर्शनी भिंतीवर सूर्य थेट पडतच नाही, तो वाड्याच्या मागून येतो. डिसेंबरात तिथे उभं राहिलात तर भिंगात ऊन शिरून दरवाजा धुकट होईल. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उतरतं ऊन बाजूने येतं आणि दारावरचे अणकुचीदार खिळे एकेक करून उठून दिसतात. एवढ्या एका फोटोसाठी मी एप्रिलपर्यंत थांबलो होतो. माणसांचे फोटो सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर काढा. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणींत काळोख साचतो.

रोल भरणे

सावलीत भरा. उन्हात असाल तर पाठ उन्हाकडे करून अंगाच्या सावलीत.

रिकामं रीळ गुंडाळायच्या चावीच्या बाजूला असल्याची खात्री करा. नव्या रोलची चिकटपट्टी काढा, पण अंगठा वेढ्यांवरून उचलू नका. कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत सरळ घाला आणि दोन फेरे द्या. कागद तिरका जात असेल तर इथेच सुधारा, नाहीतर पुढे कडा चुरगळून उजेड शिरतो. कागदाची रंगीत बाजू बाहेर आणि काळी बाजू भिंगाकडे हवी. मग झाकण लावा.

रोल सैल गुंडाळला जाणं ही या डब्यांची जुनी खोड आहे. भरलेल्या रिळाखालची पत्र्याची स्प्रिंग थकलेली असते. तिच्याखाली पोस्टकार्डाची दुहेरी घडी सरकवा. रीळ जरा जड फिरलं पाहिजे. सैल रोलच्या दोन्ही कडांना उजेडाचे पांढुरके पट्टे येतात, आणि पहिल्या रोलमध्ये बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं.

आता लाल काच. ती बनली तेव्हाच्या फिल्मना लाल रंग दिसत नसे. आजच्या बहुतेक फिल्मना तो दिसतो. म्हणून काचेवर काळी चिकटपट्टी झाकणासारखी लावा, एक टोक दुमडून ठेवा म्हणजे उचलायला सोपं जातं. गुंडाळताना सावलीत धरून पट्टी उचला, आकडा आला की लगेच बंद. काही नव्या रोलांवरचे आकडे फिकट असतात, सावकाश फिरवा. आकड्याआधी ठिपक्यांसारख्या खुणा येतात, त्या दिसल्या की हात आणखी हळू करा. १२०च्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात. ६ बाय ९चे कडेला, ६ बाय ६चे मधोमध. कॅमेऱ्याची काच आपली ओळ आपोआप निवडते, म्हणून आकडा दिसेल तसा माना.

फोटो काढताना

कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून त्या इवल्या काचेत पाहायचं. उभ्या आणि आडव्या फोटोसाठी दोन वेगळ्या काचा असतात. त्यांत डावं-उजवं उलटं दिसतं. तासभर चौकात नुसतं फिरून पाहा, मग मान आपोआप योग्य बाजूला वळते.

तीन मीटरच्या आत काही स्पष्ट येत नाही. माझी चार साधी पावलं म्हणजे तीन मीटर. तुमची एकदा फरशीवर मोजून घ्या. माणूस मधोमध ठेवा, कारण साध्या भिंगाच्या कडा मऊ येतात आणि तो मऊपणाच या फोटोंचं सौंदर्य आहे. भिंगावर थेट ऊन येत असेल तर दुसऱ्या हाताची सावली धरा, बोटं चौकटीत येऊ देऊ नका.

१/४० सेकंदात हात हलतो. कोपर बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडून थांबा आणि खटका ओढू नका, दाबा. कट्टा, पायरी, स्कूटरचं सीट, जे असेल त्यावर कॅमेरा ठेवता आला तर उत्तम. डब्याचा तळ सपाट आहे त्याचा हा फायदा. जुन्या ब्राउनीत खटका एका दिशेला नेला की एक फोटो आणि परत आणला की दुसरा. म्हणून एकदा दाबल्यावर त्याच्याशी चाळा नको. आणि फोटो झाला की त्याच जागी उभं राहून लगेच पुढे गुंडाळायचं. ही सवय लागली नाही तर एकावर एक दोन फोटो बसतात, कारण या कॅमेऱ्यात अडवणारं काही नसतं.

कसब्यातल्या तांबट आळीत मी एकदा ४००चा रोल घेऊन गेलो होतो. दाराशी बसून एक काका हंड्यावर मठारकाम करत होते. ठोक्याठोक्याला तांब्यावर एक चमकती टिकली उमटत होती. हातोडा चालू असताना फोटो घेतला तर हाताच्या जागी नुसता धूसर फराटा येणार हे दिसत होतं. मी विचारलं, ‘काका, हातोडा वर उचलून क्षणभर थांबाल का?’ ते म्हणाले, ‘थांबायला कशाला लागतं? वर गेला की तो थांबतोच.’ मी नीट पाहिलं. खरंच, हातोडा सगळ्यात वर पोहोचला की उतरण्याआधी पापणी लवेल इतका वेळ तो स्थिर असतो. दोन-तीन ठोके मनात मोजले आणि पुढच्या वेळी तो वर जाताना खटका दाबला. त्या निगेटिव्हमध्ये हातोडा स्वच्छ आहे, आणि हंड्यावरच्या टिकल्या भिंगाने मोजता येतात. झोपाळा, मंडईतला तराजू, पायऱ्या चढणारा माणूस, सगळ्यांना असा एक थांबण्याचा क्षण असतो. बॉक्स कॅमेऱ्याने तो शोधायला शिका.

पाताळेश्वराच्या गुंफेत आत मात्र हा वेग चालत नाही. तिथे शटर उघडं ठेवायची पट्टी वापरायची. तिपाई लावायची तर आधी परवानगी विचारा. नाहीतर कॅमेरा जमिनीवर किंवा पिशवीवर टेकवा. मोबाइलच्या लाइट मीटरवर आपल्या भोकाचा आकडा घालून वेळ बघा. लांबच्या वेळेला फिल्म मंदावते, म्हणून त्यात भर घालायची. इलफर्डच्या एफपी-४ या रोलसाठी मीटरने ४ सेकंद सांगितले तर मी जवळजवळ ६ देतो, १० सांगितले तर १८. बाहेरचा गोल नंदीमंडप उन्हात असतो, त्याला नेहमीचाच वेग पुरतो.

रोल घरी धुणे

आठव्या फोटोनंतर कागद संपेपर्यंत गुंडाळा, सावलीत उघडा, रीळ घट्ट धरून चिकटपट्टी लावा. लॅबमध्ये देता येतो, पण घरी धुतलात तर चूक कुठे झाली ते कळतं.

पुण्यात अडचण पाण्याच्या तापमानाची. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात अंगाला कोमट लागतं, आणि वेळापत्रकं असतात २० अंशांची. पहाटे पाणी भरून ठेवा. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), साधं पाणी आणि फिक्सर (ते चित्र कायम करणारं रसायन) यांच्या बाटल्या बर्फ घातलेल्या घमेल्यात उभ्या करा. बर्फ बाटलीत घालू नका. एफपी-४ला आयडी-११ डेव्हलपर समभाग पाण्यात मिसळून २० अंशांवर ११ मिनिटं लागतात. २४ अंशांवर आणता आलं तर साधारण पावणेआठ. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाईल इतकं गरम पाणी वापरू नका, डाग पडतात. फिल्म काळोखात प्लास्टिकच्या रिळावर चढवून धुण्याच्या उजेडबंद टाकीत ठेवलेली असते. डेव्हलपर ओतल्यावर पहिले दहा सेकंद ही टाकी चार वेळा उलटीसुलटी करा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. नंतर पाणी, मग रॅपिड फिक्सर एकास चार, पाच मिनिटं. धुताना टाकी भरून पाच वेळा उलटवा, पाणी बदला, दहा वेळा, पुन्हा बदला, वीस वेळा. सगळ्या पाण्यांचं तापमान जवळपास एकच ठेवा.

पावसाळ्यात टाकीतल्या या प्लास्टिकच्या रिळाला ओल धरते आणि फिल्म आत सरकतच नाही, मध्येच अडकून चुरगळते. रीळ आदल्या दिवशी धान्याच्या कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कॅमेराही चामड्याच्या पेटीत कोंडू नका, भिंगावर बुरशी चढते.

निगेटिव्ह न्हाणीघरात चिमट्याने टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला. आधी गरम पाण्याची एक बादली ओतून घेतली की हवेतली धूळ बसते.

प्रिंट

स्कॅन सगळेच करतात, त्याबद्दल वेगळं सांगत नाही. पण ६ बाय ९च्या निगेटिव्हची तेवढ्याच आकाराची प्रिंट एकदा तरी काढा. आपल्या आज्यांच्या अल्बममधले ते लहान फोटो बहुधा असेच निघालेले असतात. निगेटिव्ह मोठी करून छापायचं यंत्र, म्हणजे एन्लार्जर, लागत नाही. रात्री खोली अंधारी करून लाल सेफलाइट, म्हणजे फोटोपेपर खराब न करणारा दिवा, लावा. फोटोपेपरची चकचकीत बाजू वर, त्यावर निगेटिव्हची मंद बाजू खाली, वर फोटोफ्रेमची जड काच. वरचा कमी वॅटचा बल्ब क्षणभर लावून बंद करा. आधी कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा सरकवत एक, दोन, चार, आठ सेकंद असे टप्पे घेऊन कोणता बरा ते ठरवा. आरसी कागदाला (प्लास्टिकचा थर असलेल्या फोटोपेपरला) डेव्हलपरमध्ये एक मिनिट, पाण्यात दहा सेकंद, फिक्सरमध्ये एक मिनिट आणि वाहत्या पाण्यात दोन मिनिटं पुरतात.

तांबट आळीतल्या त्या फोटोची अशीच प्रिंट काढून मी काकांना नेऊन दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, हंड्यावरच्या टिकल्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘तारीख कुठेय?’ तेव्हापासून प्रत्येक प्रिंटच्या मागे मी मऊ पेन्सिलीने जागा, तारीख आणि ऊन किती होतं ते लिहितो.